बारा चौतीसचा मुहूर्त आणि मेहुण्याचा सॅक्सोफोन

माझा मेहुणा सॅक्सोफोन वाजवतो. संगमनेरात हे सांगितलं की समोरचा विचारतो, कुठल्या बँडमध्ये? पहिली चौदा वर्षं या प्रश्नाला उत्तर होतं. लाल कोट, सोनेरी झालर, डोक्यावर तुरा आणि वरातीत ताशाच्या दोन पावलं पुढं. जनरेटरच्या वर ऐकू गेलं पाहिजे, एवढीच बँडमालकाची संगीताबद्दल अपेक्षा होती.

मग त्यानं मोबाईलवर कुठल्याशा परदेशी वादकाचं स्मूथ जॅझ ऐकलं आणि बिघडला. हे नेमकं काय असतं, असं मी विचारलं. तो म्हणाला, "दाजी, यात घाई नसती."

नव्हतीच. एक सूर तो अकरा सेकंद धरायचा. मी मोजले आहेत. रविवारी दुसरं काम नव्हतं. तापवून निवलेल्या दुधावर साय धरावी तसा तो सूर खोलीभर पसरायचा. वाईट नव्हता. त्याचं करायचं काय, एवढंच कळत नव्हतं.

मेहुण्यानं तो वरातीत वाजवून पाहिला. नाचणारी बावीस पोरं आधी थांबली, मग एकमेकांकडं बघायला लागली, मग रसवंतीत जाऊन बसली. वरात वेळेच्या चाळीस मिनिटं आधी मांडवात पोचली आणि नवरीकडच्यांची धांदल उडाली. बँडमालकानं कोट काढून घेतला.

पुढं नाशिक-पुणे रस्त्यावरच्या एका हॉटेलवाल्यानं त्याला फॅमिली विभागात उभं केलं. तिथं पुण्यासारखं वातावरण व्हावं, अशी मालकाची इच्छा होती. ती पूर्ण झाली. पूर्वी थाळी संपवून वीस मिनिटांत उठणारं गिऱ्हाईक पन्नास मिनिटं रेलून बसायला लागलं. आत सॅक्सोफोन, बाहेर रांग. सहाव्या दिवशी मालकानं हात जोडले. कलेचा इतका थेट परिणाम मी दुसरीकडं कुठं पाहिलेला नाही.

त्यानंतर बायकोनं सांगितलं की भावानं वाद्य विकायला काढलंय आणि तो गावातल्या डेअरीवर दुधाचं फॅट मोजायला बसणार आहे. मला ते काम जास्त भरवशाचं वाटलं, हे कबूल करतो. पण महिन्यावर आमच्या मुलीचं लग्न होतं आणि मामा वाजवणारच, म्हणून ती अडून बसली. मामा म्हणाला, "शेवटचं वाजवतो, दाजी. कुनी नीट ऐकलं तर ठेवतो, न्हाईतर दिलं सोडून."

कार्यक्रमाचा तक्ता मीच केला होता. त्यात आशीर्वादाच्या भाषणांआधी, पाहुणे स्थिरावेपर्यंत, नऊ मिनिटं निघत होती. आमच्याकडं मंगलाष्टकांच्या आधी पुढाऱ्यांनी वधूवरांना आशीर्वाद द्यायची पद्धत आहे. आजी, माजी आणि भावी, सगळे देतात. पाहुणे मुठीत अक्षता धरून ऐकतात आणि मुहूर्त निघून जातो. तो पत्रिकेत छापण्यापुरता असतो. आमचा बारा चौतीसचा होता आणि भाषणं सव्वाबाराला सुरू व्हायची होती. यादीत चौदा नावं. प्रत्येकी चार मिनिटं धरली तरी छप्पन्न होतात, हे मी व्याह्यांना कागदावर दाखवलं. एक जरी नाव गाळलं तर निवडणुकीपर्यंत निस्तरावं लागेल, असं ते म्हणाले.

ठरल्याप्रमाणे मेहुणा वाजवायला लागला. नऊ मिनिटं संपली, निवेदकानं पहिल्या पुढाऱ्यांना बोलावलं, तरी हा थांबेना. डोळे मिटलेले होते. पुढाऱ्यांनी सभेत लावतात तसा आवाज लावला, पण मागून ती साय पसरत आली आणि दुसऱ्या वाक्यालाच आवाज खाली बसला. सहकाराचं महत्त्व त्यांनी अर्ध्यात सोडलं, "सुखानं राहा" म्हणाले आणि खुर्चीवर जाऊन बसले. बावन्न सेकंद. दुसरे एक मिनिट पाच. त्या सुरांवर विकास हा शब्द कुणाला उच्चारता येईना. चौदा जण सतरा मिनिटांत आटोपले. बारा चौतीसला अंतरपाट धरला, तोही भटजींना चहावरून उठवून आणल्यावर. वेळेवर लग्न लागेल याची त्यांना कल्पना नव्हती.

पंगतीत तिघांनी मेहुण्याचा नंबर घेतला. तिघांच्याही घरी लग्नं होती. काय वाजवलं, हे एकानंही विचारलं नाही. भाषणं आवरतात, एवढं त्यांना पुरे होतं.

चारच्या सुमारास रिकाम्या खुर्च्यांमध्ये तो वाद्य मांडीवर घेऊन बसला होता. मी शेजारी बसलो.

"दाजी, खरं सांगा. किती जनांनी ऐकलं?"

खोटं सांगायची मला सवय नाही, आणि मी मोजलं होतंच. मांडवात हजार माणूस होतं. मुलगी ऐकत होती, त्याची बहीण ऐकत होती, आणि मठ्ठ्याचा जग हातात धरून एक वाढपी खांबाला टेकून उभा होता.

"तीन," मी म्हणालो, "आणि अर्धा मी. माझं निम्मं लक्ष घड्याळाकडं होतं."

त्यानं जरा विचार केला. "साडेतीन. लई झाले."

मग त्यानं वाद्य रुमालानं सावकाश पुसलं आणि पेटीत ठेवलं.

डेअरीवर फॅट मोजायला आता दुसरं कुणी बसतं. या मोसमात मेहुण्याच्या सतरा तारखा लागल्या आहेत. माइकवर कुणीही आलं तरी थांबायचं नाही, एवढीच यजमानांची अट असते. घरी पोचला की तो मला फोन करून ऐकणाऱ्यांचा आकडा कळवतो. अजून तो सहाच्या वर गेलेला नाही.