खर्ड्याला गेलेला ओटीपी

माझ्या बँक खात्याला वडिलांचा मोबाईल नंबर जोडलेला होता. कॉलेजात शिष्यवृत्तीसाठी खातं काढलं तेव्हा घरात एकच फोन होता आणि तो आप्पांचा होता. पुढे मला नगरला शाळेत नोकरी लागली, पगार त्याच खात्यात येऊ लागला, आणि पगाराचा मेसेज माझ्याआधी पारनेरला आप्पांच्या बटणांच्या फोनवर वाजू लागला. ते तो शेजारच्या दुकानदाराकडून वाचून घ्यायचे. नंबर बदलायचा अर्ज मी दोनदा आणला आणि दोन्ही वेळा तसाच ठेवला. त्यांचं ते सुख काढून घ्यावंसं वाटेना. रोजच्या व्यवहारासाठी मी दुसऱ्या बँकेत खातं उघडलं होतं, त्यामुळे अडचण कधी जाणवलीही नाही.

क्रेडिट कार्ड मात्र या जुन्या बँकेनेच दिलं. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं. पाकीट फोडलं तेव्हा आप्पा समोर होते. त्यांनी विचारलं, "नवं एटीएम आलं व्हय?" मी "हो" म्हणालो. कार्डाचा अर्थ त्यांना सांगायचा म्हणजे आधी उधारीचा विषय काढावा लागला असता.

कार्डाची गरज होती ती गाडीच्या विम्यासाठी. मी जुनी, दुसऱ्याने वापरलेली गाडी घेतली होती. तिचा विमा शनिवारी मध्यरात्री संपत होता. हाताशी पैसे होते, पण ते बहिणीच्या बाळंतपणासाठी दवाखान्यात भरायचे होते. तिला नववा लागला होता. विमा कार्डावर भरून नंतर त्याचे हप्ते पाडून घ्यायचे, असा माझा बेत होता. आप्पा आणि आई शुक्रवारी नगरला आले होते. शनिवारी अर्धी शाळा करून यायचं, त्यांच्या शेजारी बसून पैसे भरायचे, ओटीपी त्यांच्या फोनवरून बघायचा, इतकं सोपं मी ते धरलं होतं.

शनिवारी सकाळी मी शाळेत असताना खर्ड्याहून, बहिणीच्या सासरहून फोन आला. तिचा रक्तदाब वाढला होता. मेहुणे पुण्याला कंपनीत, घरी सासू एकटी. आप्पा आईला घेऊन माझ्या गाडीने लगेच निघाले. जामखेडच्या डॉक्टरांनी तपासून इंजेक्शन दिलं आणि सांगितलं, आज आडवं राहू द्या, रात्रीचं हलवू नका, सकाळी मात्र नगरच्या मोठ्या दवाखान्यात न्या.

म्हणजे सकाळी गाडी चालायलाच हवी होती. आणि विमा नसेल तर आप्पा गाडीला हात लावणार नव्हते, हे मला माहीत होतं.

आप्पा आयुष्यभर दुसऱ्याची जीप चालवत आले. मी लहान असताना वळणावर एक सायकलवाला त्यांच्या जीपखाली आला आणि त्याचा पाय मोडला. तेव्हा कळलं की मालकाने विमा भरलेलाच नव्हता. मालकाने हात वर केले आणि कोर्टाच्या तारखांना उभे राहिले ते आप्पा. तारखेच्या दिवशी धुतलेला पांढरा शर्ट घालून निघताना ते आईशीही बोलत नसत. तेव्हापासून त्यांनी प्रत्येक मालकाला एकच प्रश्न आधी विचारला, "कागद कुठाय?"

संध्याकाळी मी खोलीवर बसून कंपनीच्या वेबसाइटवर सगळी माहिती भरली आणि आप्पांना फोन लावला.

"आप्पा, तुमच्या फोनवर आत्ता एक मेसेज येईल. त्यातला आकडा मला सांगा."

मागून भांड्यांचा आणि विहीणबाईंच्या बोलण्याचा आवाज येत होता.

"आकडा कुनाला सांगायचा न्हाई, असं तूच बजावलंय ना मला?" आप्पा म्हणाले. "पोराच्या आवाजात बोलला तरी न्हाई, म्हनला हुतास."

"अहो, पण मीच बोलतोय."

"तसंच म्हनत्यात सगळे."

"गाडीचा विमा भरतोय मी. आज रात्री संपतोय."

विमा म्हटल्यावर त्यांचा आवाज बदलला. "आज संपतोय? आन् मला आत्ता सांगतो? थांब, आला बग मेसेज." आप्पा चौथी शिकलेले. आकडे त्यांना मैलाच्या दगडांवरून आणि नंबर प्लेटांवरून पाठ, पण मेसेज इंग्रजीत होता. त्यांनी चार आकडे सांगितले. ओटीपी सहा आकड्यांचा असतो. ते माझ्या कार्डाचे शेवटचे चार आकडे होते.

"दुसरा आकडा असेल बघा त्यात. मोठा."

त्यांनी दुसरा सांगितला. मी घाईने भरला. चुकला. ती विम्याची रक्कम होती, दशांशापुढचं शून्य-शून्य धरून सहा आकडी झालेली. मी घाबरलो. आणखी एकदा चुकलं तर कार्ड उद्यापर्यंत बंद, असं पडद्यावर लिहून आलं.

"आप्पा, कुणाकडून तरी वाचून घ्या."

"कुनाकडून?" त्यांनी आवाज एकदम खाली आणला. "हितं कोन हाय? इवायाच्या घरात बसलोय मी. पैशाचा मेसेज त्यांना वाचाय लावू? कशाचा हाय त्यो? ही रक्कम कुनाची?"

"विम्याची."

"तुझ्या खात्यावर तर आत्ता एवढं न्हाई. मला म्हाईत हाय. पगार कधी झाला ते म्हाईत हाय मला."

लेकीच्या सासरी बसून उधारीचं बोलणं म्हणजे आप्पांना ताटावरून उठल्यासारखं होतं. ते म्हणाले, "भाईर जाऊन बोलतो," आणि गाडीत जाऊन बसले. तिथे रेंज नव्हती. फोन तुटला. मी लावत राहिलो, लागत नव्हता. ओटीपीची मुदत संपली. पडद्यावर नवा मागवण्याचं बटण आलं. ते दाबायची माझी हिंमत होईना, कारण आता जो येईल तो शेवटचा.

थोड्या वेळाने ते घरात परतले आणि त्यांचाच फोन आला. "मी हितली जीप बगतो सकाळी," ते कोरडेपणाने म्हणाले. "तुझी गाडी राहू दे हितंच."

"त्या रस्त्यानं जीपमध्ये? डॉक्टर काय म्हणालेत तिला?"

"मग काय करू? कागद न्हाई त्या गाडीत लेकीला बसवू?"

तेवढ्यात मागून बहिणीचा आवाज आला. "आप्पा, द्या हिकडं फोन."

"तू पडून राहा माय."

"पडूनच हाय. हात तर मोकळे हायत ना?" मग ती माझ्याशी बोलली. "दादा, पाठव नवीन मेसेज. मी वाचते."

मी बटण दाबलं. ती फोनमध्ये बघत होती, मला तिचा श्वास ऐकू येत होता. मग तिने सहा आकडे एकेक करून सांगितले, पुन्हा एकदा सांगितले, आणि मी भरले. पडद्यावरचं चक्र फिरत राहिलं. मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो होतो.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं."

"क्रेडिट कार्ड लिहिलंय ह्यात. उधारीवर घेतलास व्हय?"

"हप्ते पाडणार आहे. दवाखान्याचे पैसे मोडायचे नव्हते मला."

मागून विहीणबाई बोलल्या, आणि खोलीत सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या. "उधारीवर घेतलं तर काय झालं पाव्हणं? ह्यो समोरचा फ्रिज काय रोखीचा हाय? आमचं पोरगं अजून भरतंय."

आप्पांनी फोन घेऊन फक्त विचारलं, "कागद कवा येतो?"

मी पॉलिसी विहीणबाईंच्या फोनवर पाठवली. आप्पांनी खर्ड्यातलं झेरॉक्सचं दुकान बंद होता होता गाठलं, छापील कागद घेतला आणि त्यावरचा गाडीचा नंबर गाडीपाशी जाऊन ताडून पाहिला, असं आईने मला नंतर सांगितलं.

रविवारी सकाळी मी नगरच्या दवाखान्याच्या फाटकाशी उभा होतो. येणारी प्रत्येक पांढरी गाडी मला आमचीच वाटत होती. त्यातल्या बऱ्याच शिंगणापूरहून परतणाऱ्या भाविकांच्या होत्या. आमची आली ती अगदी हळू, खड्डा नसलेल्या रस्त्यावरही खड्डा असल्यासारखी. मागच्या सीटवर बहीण आईच्या मांडीवर डोकं ठेवून होती. चेहरा सुजलेला, पण जागी. तिला चाकाच्या खुर्चीवरून आत नेलं. मी खिडकीवर पैसे भरले. सगळे रोख होते, एकही कमी नव्हता.

मग बाकावर आप्पांच्या शेजारी बसून मी बँकेच्या साइटवर हप्त्यांचा पर्याय निवडला. लगेच त्यांच्या खिशात फोन वाजला. त्यांनी तो काढून माझ्यासमोर धरला.

"वाच."

मी वाचलं. आधी इंग्रजीत, मग मराठीत. किती महिने, दर महिन्याला किती, व्याज किती, वरची फी किती. काहीही गाळलं नाही.

"व्याज लई हाय," ते म्हणाले.

"हो."

"हप्ता चुकला की मला कळंल. नंबर ह्योच राहू दे."

"राहू दे," मी म्हणालो.

आतून नर्सने बहिणीच्या नावाने हाक मारली, आणि आम्ही दोघंही एकदम उठलो.