खाली कोण आहे?

आठल्येबाई कपातला उरलेला चहा ओतून टाकायला उठल्या की दाराशी थांबत आणि विचारत, "खाली कोण आहे?" गंमत अशी, की आमच्या कारखान्याला तेव्हा वरचा मजलाच नव्हता. पत्र्याच्या दोन शेड, एक कौलारू कचेरी आणि मागे उतारावर पवना नदी. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी बाहेर डोकावून म्हणालो, "बाई, आपण जमिनीवरच आहोत." त्या म्हणाल्या, "शिंदे, पाण्याला जिना लागत नाही." मग चहा जास्वंदीच्या बुंध्याशी ओतून त्या पुन्हा कामाला बसल्या.

पिंपरी-चिंचवडच्या माळावर कारखाने नुकते कुठे उभे राहू लागले होते, तेव्हाची ही गोष्ट. आमचा कारखाना कापडाच्या रंगांचा; पुढे तो बंदही पडला. मी साताऱ्याकडून आलेला, नकाशे काढायच्या कामावर. बाई केमिस्ट. अंगावर सुती पातळ आणि पायात हॉलंडहून आणलेले तपकिरी पुरुषी बूट, असा त्यांचा थाट. नदीकाठच्या चिखलात त्या बुटांनी खुशाल उतरायच्या. हसणारे हसत, पण तोंडावर हसायची कोणाची छाती नव्हती.

हॉलंडात त्यांनी काही वर्षं एका नदीचा अभ्यास केला होता. ती नदी तीन-चार देश ओलांडून शेवटी हॉलंडात येते. बाईंचा प्रबंध तिच्या पाण्यावर आणि त्या देशांच्या कायद्यांवर होता: कोणी काय सोडायचं, किती सोडायचं, आणि सरहद्दीपलीकडे त्याचं काय होतं. मी एकदा विचारलं, "मग दोष कोणाचा निघाला?" बाई म्हणाल्या, "कोणाचाच नाही. प्रत्येक देशाचा कायदा चांगला होता. वाईट होती ती फक्त नदी." सगळ्या देशांची शहाणी माणसं एकदा बैठकीला जमली, तेव्हा जेवणाच्या टेबलावर पाण्याला कोणी हात लावला नाही, सगळ्यांनी वाइनच घेतली, हे त्या फार रंगवून सांगत.

त्यांच्या खोलीच्या दारावर 'डॉ. सुमती आठल्ये' अशी पाटी होती. त्या पाटीने घोटाळा केला. नदीच्या खालच्या अंगाला एक वाडी होती. तिथली तान्हूबाई एके दिवशी पोराला कडेवर घेऊन आली.

"लई खोकला हाय बाई. एक सुई द्या की."

"मी तसली डॉक्टर नाही हो. मी नदीची डॉक्टर."

तान्हूबाईने पोर या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि विचारलं, "मंग नदीला काय झालंया?"

"अजून काही नाही," बाई म्हणाल्या, आणि पोराला सरकारी दवाखान्यात न्यायला शिपायाला माझी सायकल दिली. मला न विचारता. पुढे तान्हूबाई भेटली की आधी चौकशी करायची, "नदीची तब्येत बरी हाय न्हवं?" बाईही गंभीरपणे सांगायच्या, "आज बरी आहे."

वाडीचा पाणवठा दाखवायला बाईंनी मला एकदा मुद्दाम नेलं. वर पिण्याचं पाणी, त्याखाली धुणी, त्याखाली गुरं. कुठल्याही गावात असते तीच रीत. बाई म्हणाल्या, "प्रत्येक गाव आपापल्या शिवेत शहाणं. पण या गावच्या म्हशी जिथे डुंबतात, तिथूनच पुढच्या गावाची घागर भरते. आणि गावातही सगळ्यात खाली कोणाला पाणी भरावं लागतं, तुम्हाला ठाऊक आहे ना?" ठाऊक होतं. सगळ्यांनाच ठाऊक होतं, बोलत मात्र कोणी नसे. बाई बोलायच्या, म्हणून काही लोकांना त्या नकोशा वाटत.

मग कारखान्याच्या सांडपाण्याचा नळ टाकायची वेळ आली. मी नकाशा काढला तो रीतीप्रमाणेच. कारखान्याला पाणी घ्यायचं वरून, आणि रंगाचं पाणी सोडायचं खाली, वाडीच्या पाणवठ्याच्या जरा अलीकडे. मॅनेजर कर्णिकसाहेबांच्या टेबलावर तो पसरला होता. बाईंनी पेन्सिल घेतली आणि दोन्ही नळांच्या जागांची अदलाबदल केली.

"सोडायचं वर, घ्यायचं खाली," त्या म्हणाल्या. "नळ तेवढेच, खर्च तेवढाच."

कर्णिकसाहेब हसले. "म्हणजे आपलीच घाण आपण प्यायची?"

"मग कोणी प्यायची?"

साहेबांचं हसू मावळलं. ते माणूस म्हणून वाईट नव्हते, पण मालक मुंबईला बसलेले आणि कारखाना लवकर सुरू व्हायला हवा होता. नकाशावर केमिस्टची सही लागत असे. बाईंनी ती केली नाही. मुंबईहून दुसऱ्या कोणाची तरी सही आली, नळ पहिल्या नकाशाप्रमाणे बसला, आणि महिना संपला की कामावरून मोकळं करू, असं बाईंना सांगण्यात आलं. मला फार वाईट वाटलं. बाई मात्र रोज वेळेवर यायच्या, बूट पुसून खोलीत शिरायच्या.

थोड्याच दिवसांत वाडीतून तक्रार आली, की म्हशी पाण्याला तोंड लावत नाहीत. कर्णिकसाहेब स्वतः बघायला निघाले. बरोबर बाई, आणि नकाशाची गुंडाळी घेऊन मी. ऊन रणरणत होतं. तान्हूबाईने साहेबांना ओसरीवर घोंगडी टाकली, आत जाऊन घासलेला तांब्या-भांडं आणलं आणि पदर सावरून पुढे केलं. दारी आलेल्याला आधी पाणी. तिच्या मनात दुसरं काहीही नव्हतं.

साहेबांनी भांडं हातात घेतलं. पाण्याला जांभळट झाक होती. साहेब कोकणातले, पाण्याला नाही म्हणू नये, या संस्कारात वाढलेले. भांडं ओठांपर्यंत गेलं, थांबलं आणि खाली आलं.

"घ्या की सायेब," तान्हूबाई म्हणाली. "आमी रोज त्येच पितो. फडक्यातनं गाळलंय."

मला वाटलं होतं बाई आता बोलतील. त्या मात्र खाली मान घालून आपल्या बुटांकडे बघत राहिल्या. साहेबांनी भांडं अलगद घोंगडीवर ठेवलं आणि ते उठले. फाटकाशी आल्यावर ते म्हणाले, "शिंदे, डॉक्टरांनी काढला होता तसा नकाशा पुन्हा काढा. मुंबईला काय सांगायचं ते मी बघतो."

नळ बदलले. रंगाचं पाणी आता आधी आमच्याच टाकीत येऊ लागलं. तेव्हा कुठे ते हौदात निवळून, गाळून सोडायची अक्कल सगळ्यांना एका आठवड्यात सुचली. बाईंना मात्र मालकांनी ठेवलं नाही. कर्णिकसाहेबांचीही पुढे बदली झाली, आणि नव्या साहेबांनी नळ पहिल्या जागी नेले. तोही नकाशा मीच काढला. तान्हूबाई एकदा फाटकाशी आली आणि विचारू लागली, "आमची डॉक्टरीणबाई कुटं गेली? नदी लई आजारी हाय."

बाई पुण्याला शिकवायला लागल्या होत्या. मी निरोप पोचवला, तेव्हा रविवारी त्या बूट घालून वाडीत हजर. त्यानंतर त्या कितीतरी वर्षं येत राहिल्या, अर्ज लिहून देत राहिल्या. हाती फारसं लागलं नाही.

शेवटच्या आजारात मी त्यांना भेटायला गेलो, तेव्हा त्या इस्पितळाच्या वरच्या मजल्यावर होत्या. डोळे मिटलेले. उशाशी भांड्यात शिळं पाणी होतं. ते ओतून ताजं भरावं म्हणून मी भांडं घेऊन खिडकीशी गेलो.

"शिंदे," मागून आवाज आला, "खाली कोण आहे?"

मी डोकावलो. "कोणी नाही, बाई."

"नीट बघा."

मी पुन्हा वाकून पाहिलं. भिंतीच्या सावलीला, अगदी खिडकीखाली, कोणाची तरी बायको जेवणाचा डबा उघडून बसली होती.