कचऱ्याचं निमित्त

त्या घरातून बाहेर पडायला एकच वाट होती आणि ती दुकानातून जात होती. पुढच्या खोलीत नवऱ्याचं पंखे-मिक्सर दुरुस्तीचं दुकान, मागे दोन खोल्या, शेवटी स्वयंपाकघर आणि त्याच्या खिडकीखाली ओढा. खिडकीतून बघितलं तर ओढा हाताशी. पायानं जायचं तर दुकान, गल्ली, पूल आणि घसरड्या पायऱ्या असा सगळा वळसा. ही बाई लग्न होऊन या घरात आली ती खिडकी आणि दुकान यांच्यामध्येच राहिली.

नवरा माणूस म्हणून वाईट नव्हता. दारू नाही, शिवीगाळ नाही, हात उचलणं तर नाहीच नाही. फक्त ती दुकानातून निघाली की हातातल्या मोटरवरची नजर न काढता तो विचारायचा, "कुठे?" भाजीला म्हटलं तर, "मी आणतो की." बहिणीकडे म्हटलं तर, "फोन कर ना, पाय कशाला झिजवतेस?" तिच्या प्रत्येक कामाला त्याच्याकडे तोड तयार, आणि तीही काळजीपोटी. आता काळजीशी भांडायचं तरी कसं? बिचारी मुकाट्यानं मागे फिरायची.

तिची सुटका केली सासूबाईंनी, तीही नकळत. म्हातारीचे गुडघे कधीचे गेलेले. दिवसभर खिडकीपाशी खुर्चीत बसायच्या आणि हाताला लागेल ते खाली सोडायच्या. सालं, चहाचा चोथा, दुधाच्या पिशव्या, एकदा तर फुटकी बशी. "जातं वाहून," म्हणायच्या. वाहून काही जात नव्हतं. सगळं पुलाच्या खांबाला अडकून कुजायचं आणि पलीकडच्या काठावर राहणाऱ्या शिंपिणीचं वासानं डोकं उठायचं. एक दिवस ती शिंपीण दुकानात येऊन गिऱ्हाइकांसमोर अशी काही भांडली की नवऱ्याचा चेहरा पाहवेना. त्याच दुपारी सून बादली घेऊन निघाली.

"कुठे?"

"कचरा उचलायला."

पुढचा प्रश्न आलाच नाही. कचऱ्याबद्दल "मी आणतो" असं कोण म्हणणार?

बाईंना घबाड सापडलं. रोज दुपारी हातात रबरी मोजे चढवायचे, बादली उचलायची आणि ओढा गाठायचा. थोड्या वेळाचं काम ती चवीचवीनं पुरवून करायची. काम संपलं की काठावर बसायची आणि कोणी काही मागत नाही म्हणून नुसती खूश व्हायची. शिंपीण आधी फणकाऱ्यानं बघायची, मग बोलू लागली, आणि पुढे तर दोघींचं गूळपीठ जमलं. लोक हिला ओढावहिनी म्हणू लागले. तिला ते आवडायचं, पण तसं तिनं कोणाला सांगितलं नाही.

मात्र एखाद्या जागेचा लळा लागला की तिची हेळसांड बघवत नाही. वहिनींनी घरापासून सुरुवात केली, कारण घरच्या मोरीचं पाणीही ओढ्यातच उतरायचं. तळणीचं उरलेलं तेल मोरीत ओतणं बंद करून बरणीत साठवलं. तेलकट कढया आधी रद्दीच्या कागदानं पुसायच्या आणि मगच घासायच्या. मोरीच्या तोंडाशी बारीक जाळी बसवली. कपडे धुवायची पावडर निम्म्यावर आणली. कपड्यांना पत्ताही लागला नाही. सालं कुजवून ती कुंड्यांना घातली, दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत टाकल्या आणि सासूबाईंच्या खुर्चीशेजारी झाकणाचा डबा ठेवला.

"या वयात मला वळण लावतेस?" म्हणून म्हातारी रुसली, पण हळूहळू डबा वापरू लागली.

शिंपिणीनं चिंध्या ओढ्यात झटकणं सोडलं. तिचं बघून शेजारणीनं, शेजारणीचं बघून तिच्या जावेनं. एरवी ढिम्म न हलणारी ती गल्ली, नेमकी या वेळी सुधारली!

ओढा निवळला. तळाचे दगड दिसू लागले, बोटभर लांबीचे मासे आले. आणि वहिनींची बादली रिकामी परत येऊ लागली.

नवऱ्यानं ते पाहिलं. "आज काहीच नाही? मग उद्यापासून कशाला दमतेस? सुटलीस एकदाची." त्याला मनापासून आनंद झाला होता. गिऱ्हाइकांना तो छाती फुगवून सांगायचा, "आमच्या हिनं केला हो ओढा साफ." इकडे हिनं स्वतःच्या हातानं स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतलेला. त्या दिवशी ती नळ मोठा सोडून रडली.

त्यानंतर शिंपीण खालून हाक मारायची, "वहिनी, येत नाहीस का गं?" आणि ही खिडकीतून म्हणायची, "येते की." जाणं काही होत नव्हतं.

एका दुपारी सालांचा डबा घेऊन ती खिडकीशी आली. हात बाहेर गेला, डबा कलला. एवढं खाली पडलं की पुन्हा बादली, पुन्हा ओढा.

"टाक," शेजारून सासूबाई हळूच म्हणाल्या. "कोणी विचारलं तर म्हण, म्हातारीनं टाकलं."

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "नको आई. खाली मासे आलेत."

"मग नुसतीच जा. कचरा कशाला हवा?"

हे कधी सुचलंच नव्हतं. तिनं चपला घातल्या आणि रिकाम्या हातानं दुकानात आली.

"कुठे?"

"ओढ्यावर."

"आता कशाला?"

"सहज."

नवऱ्यानं मान वर केली. "सहज म्हणजे?"

तो चिडला नव्हता. त्याला खरंच कळलं नव्हतं, आणि तो उत्तराची वाट बघत होता. ती चिडलेल्या माणसाशी एखाद वेळेस भांडलीही असती. इथे ती शब्द शोधत उभी राहिली. हवा खायला म्हणावं, तर हवा खिडकीतही होती. एवढ्या वर्षांत तिनं काम सांगितल्याशिवाय हा उंबरा ओलांडला नव्हता.

"काही नाही," ती म्हणाली. "चहा ठेवू?"

"ठेव," तो म्हणाला आणि पुन्हा मोटरवर वाकला.

आत सासूबाईंनी गुडघे धरून खुर्ची जराशी सरकवली आणि खिडकीपाशी सुनेला उभं राहण्यापुरती जागा करून दिली.