मारा शेवटी ठेवा

आफ्रिकेत आम्ही दहाच दिवस होतो. पण त्याआधी आठ महिने आम्ही नुसतं ठरवत होतो, आणि किस्से काढले तर निम्म्याहून जास्त त्या ठरवण्याचेच निघतात. फोटो फोनमध्ये साठतात, भांडणं डोक्यात. झाशीत निवांत मराठीत बोलायला माणसं थोडी, त्यामुळे कोणी सापडलं की मी सांगत बसतो.

आम्ही चौघं. मी रेल्वेत सेक्शन कंट्रोलर होतो. कोणती गाडी पुढे काढायची, कोणती थांबवून ठेवायची, हे ठरवण्यात नोकरी गेली. भुसावळहून बदलीवर आलो आणि रिटायर झाल्यावर इथेच सिविल लाइंसमध्ये राहिलो. सुनंदा माझी बायको. माधवराव लोको पायलट होते, त्यांचं घर लक्ष्मी गेटजवळ. त्यांचे पूर्वज मराठ्यांच्या फौजेबरोबर आले ते झाशीचेच झाले. आणि कुसुमवहिनी, त्यांच्या पत्नी.

*

केनियातल्या तीन जागा नक्की होत्या. हत्तींसाठी आंबोसेली, तळ्यासाठी नैवाशा आणि मसाई मारा. माराला ऑगस्टमध्ये विल्डबीस्ट नावाच्या बैलासारख्या हरणांचे हजारोंचे कळप नदीत उड्या टाकून पलीकडे जातात. ते बघायला जगभरातून माणसं येतात.

प्रश्न एवढाच होता की आधी काय आणि नंतर काय.

सुनंदा म्हणाली, मारा पहिल्यांदा, गुडघे ताजे असताना. कुसुमवहिनींचंही तेच मत, पण कारण वेगळं. "हमारे यहाँ पानात गोड आधी वाढतात. मग पोट भरलं तरी चुटपुट नाही राहत." वहिनींचं एक वाक्य असं दोन्ही भाषांत पाय ठेवून चालतं.

माधवराव म्हणाले, मारा नसलाच तर काय होईल?

आम्ही तिघं हसलो. आम्हाला वाटलं, गंमत करताहेत.

*

पुढच्या रविवारी माधवराव एक कागद घेऊन आले. सगळ्या सफारीचं टाइमटेबल. नैरोबी सुटणार इतक्या वाजता, आंबोसेली पोहोचणार इतक्या वाजता, चहाचे हॉल्ट, आणि वाटेत उशीर झाला तर भरून काढायला मधे मधे दहा-दहा मिनिटं राखून ठेवलेली. जीपच्या ड्रायव्हरला सलग किती तास चालवू द्यायचं तेही लिहिलं होतं.

दिल्लीच्या एजंटला मी ते फोनवर वाचून दाखवलं. त्यानं बिचाऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सर, वहाँ हाथी रास्ते में खड़ा हो जाए तो टाइमटेबल हाथी का चलता है."

कागदावर मारा कुठेच नव्हता. सुनंदानं पेन घेऊन सगळ्यात वर लिहिला. माधवरावांनी तो खोडला नाही, पण कागद घडी करून खिशात घातला आणि चहा न घेताच घरी गेले.

*

दोन दिवसांनी दुपारी ते एकटेच आले. सुनंदा बाजारात गेली होती. त्यांनी मला जे सांगितलं ते आता त्यांच्या परवानगीनंच सांगतो आहे.

बावीस वर्षांपूर्वीचा जानेवारी. पहाटेचं दाट धुकं. झाशीजवळच्या चिरगावच्या अलीकडे त्यांची भरलेली मालगाडी होती आणि रुळांवर म्हशी आल्या. दिसल्या तेव्हा फार उशीर झाला होता. त्यांनी ब्रेक लावला, पण भरलेली मालगाडी ब्रेक लावला की लगेच थांबत नाही.

"पुढच्या दोन-तीन निघून गेल्या," ते म्हणाले. "मागच्या थांबल्या असत्या तर वाचल्या असत्या. पण कळपातलं जनावर थांबत नाही हो. पुढची गेली की मागची जाते. मी ते बघत होतो."

अकरा म्हशी मेल्या, सगळ्या एकाच घरच्या. पुढच्या आठवड्यात रेस्टच्या दिवशी ते बस पकडून चिरगावला गेले आणि विचारत विचारत त्या घरी पोहोचले. मालकानं त्यांना खाटेवर बसवलं, चहा दिला आणि म्हणाला, "साब, तुम का करते? कोहरा हतो." धुकंच होतं, तुम्ही तरी काय करणार.

"त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं," माधवराव म्हणाले.

कुसुमवहिनींना ही घटना माहीत होती. पण इतक्या वर्षांनीही ती मनात तशीच आहे, हे त्यांना माहीत नव्हतं. टीव्हीवर नदी ओलांडणारे कळप दिसले की माधवराव उठून अंगणात जायचे. वहिनींना वाटायचं, यांना मोकळी हवा लागते.

"मारा शेवटी ठेवा," ते मला म्हणाले. "नाही जमलं तर मी नैरोबीला हॉटेलात थांबेन. तुमचं सगळं बघून झालेलं असेल. मधेच माझ्यामुळे गाडी अडायला नको."

मी म्हटलं, ठेवतो.

*

आता हे सुनंदाला सांगायचं कसं? कोणाला सांगू नका, असं त्यांनी बजावलं होतं. मी म्हटलं, माराचा रस्ता खराब आहे, आधी तिथे गेलो तर पुढची सहल अंगदुखीत जाईल. शिवाय तिथे शाकाहारी जेवणाची पंचाईत आहे.

तिनं माझ्यासमोरच एजंटला फोन लावला. रस्ता सुधारला होता. जेवणात जैन थाळीसुद्धा मिळत होती.

फोन ठेवून तिनं विचारलं, "कंट्रोल रूममध्येही असंच खोटं बोलायचात का?"

मी गप्प राहिलो. ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. लग्नाला छत्तीस वर्षं झाली आहेत, तिला माझं गप्प राहणं वाचता येतं. संध्याकाळी भाजी निवडताना, मान वर न करता म्हणाली, "ठेवा मारा शेवटी. कुसुमला मी सांगते की माझाच विचार बदलला."

कारण तिनं तेव्हा विचारलं नाही, आणि पुढेही विचारलं नाही.

*

आंबोसेलीला हत्ती दिसले, नैवाशाला पाणघोडे. माधवराव सगळ्यात हौसेनं फोटो काढत होते. नैवाशाच्या शेवटच्या सकाळी मी त्यांना हळूच विचारलं, नैरोबीला परत जायची सोय करू का? ते म्हणाले, येतो, पण नदीवर गाडीतून उतरणार नाही. तिथे तसंही कोणी उतरत नाही, हे मी सांगितलं नाही.

माराला नदीकाठी आमच्या जीपनं तीन तास वाट बघितली. कळप पलीकडच्या काठावर यायचा, खाली बघायचा, मागे फिरायचा. माधवराव मागच्या सीटवर दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. वहिनी त्यांच्या शेजारी.

मग एकानं उडी टाकली आणि सगळा कळप त्याच्यामागे आमच्या बाजूला निघाला. धूळ, पाणी, आवाज. माधवरावांनी डोळे मिटले. थोड्या वेळानं मी पुन्हा वळून पाहिलं तर ते उघडे होते.

अर्ध्या तासानं पाणी शांत झालं. आजूबाजूच्या जीप जायला लागल्या. आमचा ड्रायव्हर जोसेफ, त्याला इंग्रजी आणि स्वाहिली सोडून काही येत नव्हतं, त्यानंही किल्ली फिरवली.

माधवराव पुढे वाकले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "रुको भैया," ते म्हणाले. "अभी एक बाकी है."

जोसेफनं इंजिन बंद केलं.

पलीकडच्या काठावर मागे राहिलेलं एक पिल्लू उभं होतं. आम्ही थांबलो.