साडूंचा सायकलरस्ता

गावाचं भलं करायला निघालेल्या माणसांनी गावांना जो ताप दिला आहे, त्याची कधी नीट वाटणी झाली तर बारामती-इंदापूर पट्ट्यातला सगळ्यांत मोठा वाटा माझ्या थोरल्या साडूंच्या पदरात पडेल, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. साडूच्या नात्यात थोडी खुन्नस असतेच. दोघी बहिणी नवऱ्यांची तुलना करत बसतात आणि भोगायचं आपण. पण माझं हे मत त्या खुन्नशीतून आलेलं नाही, डोळ्यांनी पाहून झालेलं आहे. नव्वदच्या दशकातली बरीच वर्षं ते कळंबच्या पुढं, कालव्याच्या कडेला असलेल्या एका गावाचे सरपंच होते. गावाचं नाव सांगत नाही, कारण त्यात गावाचा काही दोष नव्हता. सगळं गाव त्यांना आबा म्हणायचं, म्हणून मीही आबाच म्हणायचो. ते मला 'पाव्हणं' म्हणायचे, आणि मी बारामतीच्या शाळेत भूगोल शिकवतो एवढ्यावरून पृथ्वीविषयीच्या कुठल्याही गैरसोयीला मला जबाबदार धरायचे.

आबांना उद्घाटनाचा नाद होता. इतरांना पत्त्यांचा किंवा तमाशाचा असतो, तसा. जाकिटाच्या खिशात ते स्वतःची कात्री बाळगत. आयत्या वेळी कात्री सापडत नाही आणि पाहुण्याला फीत दातानं तोडावी लागते, असा त्यांचा अनुभव होता. गावात कुणी बोअर पाडली, पिठाची गिरणी टाकली, नवा गोठा बांधला, की आबा फीत घेऊन हजर. मी बारामतीत घर बदललं तेव्हाही ते आले, आणि फीत बांधायला दुसऱ्या बाजूला काही मिळेना म्हणून तिचं एक टोक माझ्या स्कूटरला अडकवून त्यांनी भाड्याच्या घराचं उद्घाटन केलं. घरमालक शेजारीच उभे होते. आबांनी त्यांचेही आभार मानले. बोलायला लागले की समोर कोण आहे याचं त्यांना भान राहत नसे. आक्कांनी, म्हणजे माझ्या मेव्हणीनं, जेवताना ताटात भाकरी टाकली तरी 'माता-भगिनींच्या सहकार्याशिवाय' असं काहीतरी सुरू व्हायचं. आक्का शांतपणे म्हणायच्या, "आधी भाजी खावा. गार व्हतीय."

झाडं लावायलाही ते कमी नव्हते, पण त्यांच्या झाडांना राजकारण कळायचं. प्रत्येक रोप एखाद्या पाहुण्याच्या हस्ते लागे आणि त्या पाहुण्याच्या नावानं ओळखलं जाई. पाहुणा खुर्चीवर असेपर्यंत रोपाला टँकरनं पाणी मिळे. तो निवडणुकीत पडला की त्याच आठवड्यात टँकर नादुरुस्त होई. शाळेसमोरचा एक कडुनिंब तेवढा फोफावला, कारण त्याचा पाहुणा दर वेळी वाऱ्याची दिशा बघून पक्ष बदलत असे.

असा हा माणूस सरपंचांच्या पर्यावरण शिबिरासाठी पुण्याला गेला आणि येताना थेट आमच्या घरी उतरला. चेहऱ्यावर अशी काळजी, की माझ्या बायकोनं चहा टाकायच्या आधी घरचे सगळे बरे आहेत ना, हे विचारून घेतलं.

"घरचं ठीक हाय," आबा म्हणाले. "पृथ्वी तापायला लागलीय."

"दाजी, आपल्याकडं चैतात तापतेच की," बायको म्हणाली.

"तसं न्हाय गं. ही कायमची. आभाळाला भोकबी पडलंय. पाव्हणं, तुमी एवढी वर्षं भूगोल शिकवताय, एका शब्दानं बोलला न्हाय."

भोकाचा आणि तापण्याचा मामला वेगवेगळा आहे, हे मी समजावू लागलो, पण तोवर ते पुढं गेले होते. शिबिरात कुणीतरी परदेशातल्या एका गावाची चित्रं पडद्यावर दाखवली होती. रस्त्याच्या कडेला सायकलींसाठी वेगळा रस्ता, आणि त्यावरून सायकल चालवत निघालेली एक म्हातारी. "माझ्या आईच्या वयाची बाई," आबा पुन्हा पुन्हा सांगत होते, "म्होरं टोपलीत कोबीचा गड्डा, आणि चाललीय ऐटीत. मागनं एकबी गाडी हॉर्न देत न्हाय." त्या कोबीनं त्यांच्यावर काय गारूड केलं कोण जाणे. चहा संपायच्या आत त्यांनी गावात सायकलरस्ता करायचं ठरवलं होतं. मग ते बाहेर लावलेल्या आपल्या जीपमध्ये बसले. ही जीप डिझेलवर चालायची आणि इतका काळा धूर सोडायची, की आबा निघाले हे आख्ख्या पेठेला कळे. पुढचे दोन महिने त्यांनी याच जीपमधून फिरून धुराविरुद्ध प्रचार केला. त्यांना सायकल येत नव्हती हे मला ठाऊक होतं. लहानपणी एकदा सायकलवरून विहिरीच्या थारोळ्यावर, मोटेचं पाणी पडतं त्या दगडी कुंडावर, आपटले, तेव्हापासून त्यांनी तिला हात लावला नव्हता.

ग्रामसभेला मी मुद्दाम गेलो. करमणूक सोडायची नाही, हा माझा स्वभाव. आबा तासभर पृथ्वीवर बोलले. शेवटी पारावरचे एक म्हातारे तात्या उठून म्हणाले, "आबा, आभाळच फाटलं म्हणतोस, तर ठिगळ आपल्याच गावानं का लावायचं?" सभा हसली. दुसऱ्यानं विचारलं, सायकलीला वेगळा रस्ता, तर मग बैलगाडीनं काय घोडं मारलंय. ठराव हसण्यातच वाहून जायचा, पण पंचायतीच्या सदस्य कमलबाई उभ्या राहिल्या. त्या गावाच्या खालच्या अंगाला असलेल्या बौद्ध वस्तीतल्या, एका खासगी दवाखान्यात नर्स. त्यांना सभेत बोलायला दिलं तर दिलं, नाहीतर नाही, असा तेव्हा रिवाज होता. त्या म्हणाल्या, "पृथ्वीचं मला म्हाईत न्हाय. हायस्कूल गावाभाईर हाय. कारखाना सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्यांतनं पोरींना जावं लागतंय. हंगाम आला की निम्म्या पोरींची शाळा सुटती. माझी जाती, पर मी ती घरी येईस्तवर दारात उभी असते. रस्ता करा. कुठल्याबी कारणानं करा."

ठराव झाला. आबांना वाटलं, आपल्या भाषणामुळं झाला.

रस्ता म्हणजे काय, तर गावापासून हायस्कूलपर्यंत डांबरी सडकेला लागून मुरूम टाकून दाबलेली एक पट्टी, आणि कडेला चुना फासलेले दगड. पण उद्घाटनाला पुण्याहून एक तरुण अधिकारीबाई आल्या. मांडव, बँड, झेंडूच्या माळा घातलेल्या दोन नव्या सायकली. आबांनी आपल्या कात्रीनं फीत कापवून घेतली, भाषण केलं, कोबीवाल्या म्हातारीलाही श्रद्धांजली वाहिल्यासारखं काहीतरी बोलले. एवढ्यात अधिकारीबाई सायकलवर टांग टाकून म्हणाल्या, "चला सरपंच, पहिली फेरी आपण दोघं मारू." बँड थांबला. आबांनी सायकलीकडं पाहिलं. मारक्या बैलाकडं पाहावं तसं. मी पुढच्या खुर्चीत जरा सावरून बसलो.

पण त्या माणसाला पाडणं सोपं नव्हतं. "मॅडम," ते गंभीरपणे म्हणाले, "आमच्या भागात नव्या वाहनावर पयल्या दिवशी बसत न्हाईत. नुसतं हातात धरून फिरवून आणत्यात. मान असतो त्याचा." बाई शहाण्या, लोकांच्या चालीरीतींचा आदर करणाऱ्या. त्या लगेच उतरल्या. मग आबा आणि अधिकारीबाई सायकली हातात धरून पुढं, मागं बँड, त्यामागं सायकली घेऊन पोरंपोरी, ग्रामसेवक, पंच, असा सगळा लवाजमा पोळ्याचे बैल मिरवावेत तसा हायस्कूलपर्यंत चालत गेला. सायकलरस्त्याच्या उद्घाटनाला एकही माणूस सायकलवर बसला नाही, असा प्रकार जगाच्या पाठीवर दुसरीकडं झाला नसावा. आक्का डोक्यावरचा पदर तोंडात धरून हसत होत्या.

पुढं व्हायचं तेच झालं. इतका सपाट, कोरडा मुरूम गावात दुसरीकडं नव्हता, तेव्हा लोकांनी त्यावर मिरच्या वाळत घातल्या, बाजरी मळली, लग्नाचे मांडव टाकले. चुन्याचे दगड एकेक करून चुलींपाशी आणि तुळशींपाशी जाऊन बसले. आबांनी फलक लावला : 'येथे जनावरे बांधू नयेत. हुकमावरून.' दुसऱ्या दिवशी त्या फलकाच्या खांबालाच एक म्हैस बांधलेली दिसली. चौकशी करता ती आबांचीच निघाली. "मंग तुमीच पुरलाय खांब," आक्का म्हणाल्या, "चांगला मजबूत हाय." हे सगळं मी बारामतीत चवीनं सांगायचो. साडूंचा सायकलरस्ता हा आमच्या शिक्षकखोलीतला कायमचा विषय होता, आणि नगरपालिका, जिल्हा परिषद, पर्यावरण, यांपैकी कशाचाही उल्लेख झाला की कुणीतरी मला म्हणायचं, "सर, म्हैस सांगा."

मग कारखान्याचा हंगाम सुरू झाला. संक्रांतीच्या सुमारास एके दिवशी शाळा सुटायच्या वेळी उसानं भरलेली एक ट्रॉली त्या पट्टीवर आडवी उभी होती. टायर बसला होता आणि ड्रायव्हर जॅक आणायला गेला होता. सायकलवरच्या पोरी तिला वळसा घालायला डांबरीवर आल्या. समोरून दुसरा ट्रॅक्टर आला, त्याच्या ट्रॉलीतून बाहेर आलेला ऊस एका पोरीच्या दप्तरात अडकला आणि तिला ओढत घेऊन गेला. ती कमलबाईंची मुलगी होती. वाचली, पण हात कोपरातून मोडला आणि मांडी सोलवटून निघाली.

मी आणि बायको दवाखान्यात पोचलो तेव्हा आबा बाहेर बाकावर बसले होते. कमलबाई आतून आल्या. त्या ओरडल्या नाहीत.

"आबा," त्या म्हणाल्या, "उभी हुती ती ट्रॉली तुमच्या उसाची हुती."

"व्हय," आबा म्हणाले.

त्या माणसाला एका शब्दावर थांबलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, आणि सांगायला हरकत नाही, मला ते पाहवलं नाही.

त्यानंतर त्यांनी जे केलं तेही त्यांच्याच पद्धतीनं केलं. चांगलं कामसुद्धा त्यांना गाजावाजा केल्याशिवाय जमत नसे. शाळा भरताना आणि सुटताना ते लाल फडकं आणि शिट्टी घेऊन स्वतः सडकेवर उभे राहू लागले. शिट्टी अशी कर्कश्श, की ट्रॅक्टर थांबायच्या आधी बैल बुजायचे. पट्टीवर थांबलेली ट्रॉली दिसली की ते ड्रायव्हरला पृथ्वीपासून सुरुवात करून झापायचे. तेवढ्यानं भागेना, तेव्हा त्यांनी सडक आणि पट्टी यांच्यामध्ये सरळ चर खणून घेतली. खोल, रुंद, कुठलंही चाक ओलांडू शकणार नाही अशी. सडकेकडेच्या बागायतदारांच्या वाटा त्यात गेल्या. त्यांना लांबून, कालव्याच्या पुलावरून ऊस काढावा लागे. त्यात आबांचे चुलतभाऊ होते, सोयरे होते, त्यांच्या पॅनेलचे सगळे खांब होते.

"आबा, डोकं फिरलंय का तुमचं?" त्यांतले एक चुलतभाऊ माझ्यासमोर म्हणाले. "आमी मतं द्यायची आणि तुमी आमच्याच दारात खड्डं खणायचं?"

"तुझी वाट गेली, माझीबी गेली," आबा म्हणाले. "आन ती चर बुजवायची न्हाय."

मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, की निवडणूक तोंडावर आहे, निदान एखाद्या ठिकाणी फरशी टाकून वाट ठेवा. ते म्हणाले, "पाव्हणं, एक वाट ठेवली की ट्रॉली तितंच येऊन उभी राहती. आपली माणसं मला म्हाईत हायत. मीबी त्यातलाच हाय."

ते पडले. नुसते पडले नाहीत, स्वतःच्या आळीत पडले. नव्या पंचायतीनं पहिल्याच बैठकीत चर बुजवायचा विषय घेतला. कमलबाई पुन्हा निवडून आल्या होत्या, विरुद्ध बाजूनं. त्यांनी मोडलेल्या हाताच्या मुलीसह सगळ्या हायस्कूलच्या पोरी पंचायतीसमोर आणून बसवल्या आणि विषय बारगळला. आबांना त्यांनी बोलावलं नव्हतं. आबाही गेले नाहीत. ऐनवेळी भाषण होईल, अशी आक्कांना भीती वाटत होती म्हणे.

दशक संपता संपता एकदा मी त्यांच्या गावी गेलो होतो. जीप विकली होती, कात्री आक्कांनी शिवणकामाला घेतली होती. संध्याकाळी आबा म्हणाले, चला जरा पाय मोकळे करू. आम्ही पट्टीवरून निघालो. ते हळू चालत होते, गुडघे धरले होते. त्यांचा विषय चालू होता : औंदा थंडी कशी पडलीच नाही, पृथ्वीचं पुढं कसं होणार, आणि मी शिक्षक असून याबद्दल काही का करत नाही. मी नेहमीप्रमाणे मनातल्या मनात उत्तरं जुळवत होतो.

तेवढ्यात मागून शाळा सुटलेल्या पोरींचा थवा आला. पुढच्या सायकलवर एक दोन वेण्यांची पोरगी होती, पाचवी-सहावीतली असेल. आम्ही दोघं पट्टीच्या मधोमध. तिनं ब्रेक लावला आणि जरा वैतागून म्हणाली, "ओ आजोबा, बाजूला व्हा की. हा सायकलीचा रस्ता हाय."

आबा बाजूला झाले. चरीच्या कडेला गवतात पाय रोवून, माझा दंड धरून ते उभे राहिले, आणि सगळ्या पोरी जाईपर्यंत तसेच राहिले. काहीजणी जोडीनं गप्पा मारत, एकमेकींच्या खांद्यावर हात ठेवून चालवत होत्या. आमच्याकडं कुणी पाहिलं नाही. धूळ खाली बसली.

"वळीखलं न्हाय तिनं मला," आबा म्हणाले.

ही तक्रार होती की दुसरं काही, ते त्यांच्या आवाजावरून मला कळलं नाही. माझा दंड मात्र त्यांनी घर येईपर्यंत सोडला नाही, आणि मीही त्यांना पृथ्वीबद्दल बोलू दिलं.