रिकाम्या झोळीची कडी

माझ्या घरात लिंबू-मिरची लागते ती फक्त जेवणात. रोह्याच्या एका कंपनीत मी लॅबमध्ये आहे. रीडिंग चुकलं तर पुन्हा घ्यायचं, एवढंच मला कळतं. त्यामुळे पुढचं वाचून हसलात तरी राग नाही... मीही हसलेच असते.

माझी मुलगी स्वरा वर्षाची होत आली तरी झोपेच्या नावाने बोंब होती. माझी रजा संपत आलेली. पोरगी अशीच जागी राहिली तर नोकरी सोडावी लागणार, हे दिसत होतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, औषध नको, रोज संध्याकाळी त्याच गोष्टी त्याच क्रमाने करा, खाडा करू नका. मग दिवेलागणीला कोमट पाण्याने अंग पुसायचं, तळपायांना खोबरेल, दूध, दिवा बंद, आणि झोळीत घालून मीच जुळवलेली अंगाई — चिऊ झोपली, माऊ झोपली, शूऽऽ... असं म्हणत ओठांवर बोट ठेवायचं. स्वरा ते पटकन शिकली. माझा नवरा नितीन रात्रपाळी करून दुपारी झोपला की तीही त्याच्याकडे बघून बोट ठेवायची. झोपलेल्यासाठीच, एरवी नाही.

पोरगी शहाण्यासारखी झोपायला लागली. डॉक्टरबाईंना ओवाळायचंच काय ते बाकी होतं.

मग अंगावरचं दूध तोडायला माझी आई तिला थोडे दिवस पेणला घेऊन गेली. आमच्याकडे तसंच करतात, आई नजरेआड झाली की मूल विसरतं. आईचं काय, ते कुणी विचारत नाही. छाती ठणकत होती, घर खायला उठलं होतं. दिवेलागणीला हात आपोआप झोळीकडे गेले. रिकामीच हलवली, अंगाई म्हटली... बरं वाटलं. मग रोजच हलवायला लागले.

मी कामावर गेल्यावर स्वराला सांभाळणार होत्या त्या शेजारच्या कुंदामावशींनी दारातून ते पाहिलं.

"रिकामी झोळी हलवू नको गो," त्या म्हणाल्या. "पोर नाय तर गुंडाळून ठेव."

मी म्हटलं, मावशी, सवय मोडायची नाही असं डॉक्टरांनीच सांगितलंय. त्या हसल्या नाहीत.

आमच्या झोळीची कडी आत वजन असलं तरच करकरते. स्वरा यायच्या आदल्या संध्याकाळी ती करकरायला लागली. मी स्टुलावर चढून तेल घातलं आणि विषय संपवला.

स्वरा आली. मी तिला झोळीत घालायला गेले तर तिने आत वाकून बघितलं, अंग आखडून घेतलं आणि ओठांवर बोट ठेवलं. मग कडेवरून खाली उतरून गादीवर जाऊन झोपली. रोज तेच. नितीन म्हणाला, गादीची सवय लागली, उत्तमच की. मलाही पटलं. झोळी सोडली, घडी घालून कपाटात ठेवली.

त्या संध्याकाळी स्वरा झोपेना. रडतही नव्हती. कपाटाला तोंड करून बसली आणि दार थोपटत राहिली — मी तिला थोपटते तसं. घरात कसलाही आवाज नव्हता. आणि मला पान्हा फुटला... दूध आटून किती दिवस झाले होते! कुडता पुढून भिजला. मूल रडलं की आईचं काय होतं, ते मला कुणी शिकवायला नको. स्वरा तर गप्प होती.

मी घाबरले. तरी झोळी काढून पुन्हा टांगली, हलवली, अंगाई म्हटली. कडी करकरत राहिली, मग हळूहळू शांत झाली. स्वराने ओठांवर बोट ठेवलं आणि गादीवर आडवी झाली.

डॉक्टरबाई म्हणाल्या, हार्मोन्स. नितीन म्हणतो, कडी झिजली असेल. प्रत्येक गोष्टीला वेगवेगळं कारण मिळालं, सगळ्यांना मिळून एक मला अजून मिळालेलं नाही.

आता मी कामावर जाते. स्वरा छान झोपते. रोज दिवेलागणीला आधी झोळी, मग स्वरा. कुंदामावशी म्हणतात, ती झोळी कुंडलिका नदीत सोडून ये. कधीतरी कडीपर्यंत हात नेते, आणि मागे घेते.

किती मुश्किलीने झोपलंय ते... उठलं तर?