सवतीचा टाक आणि ओव्याचं तेल

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. अंगात येणाऱ्या बायांना मी तोंडावर हसत आले. आता हे वाचून तुम्ही मला हसलात तरी चालेल... पण घडलं ते घडलं.

साल चोपन्न-पंचावन्न असेल. कारंजाला कापसाच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, हे वजनकाट्यावर होते. मी यांची दुसरी. पहिली, गोदा, बाळंतपणात गेलेली. रीतीप्रमाणे लग्नातच सासूबाईंनी तिच्या नावाचा चांदीचा टाक माझ्या गळ्यात बांधला. "गळ्यात राह्यली का शांत राह्यते ते," म्हणाल्या. म्हणजे सवत मेली तरी माझ्याच उरावर.

यंत्रांच्या खडखडाटात हे दिवसभर दात आवळून असत. आजच्या भाषेत टेन्शन. घरी येत तेव्हा जबडा दगडासारखा झालेला, कपाळ ठणकत असलेलं. मी कोमट तेल लावून चेहरा चोळून द्यायची – भुवया, गाल, कानामागची जागा. जरा सैलावले की डोळे मिटून म्हणायचे, "गोदा तेलात ओवा टाके." माझा नुसता जळफळाट व्हायचा. शेवटी ओव्याचा डबाच मी घराबाहेर काढला.

त्या चैत्रात रिसोडला माहेरी निघाले, तेव्हा टाक उतरवून देव्हाऱ्यात ठेवला. निदान माहेरी तरी ही बया सोबत नको.

परतले ती भर दुपारी, जिनाला सुट्टी होती त्या दिवशी. सासूबाई शेजारी पापड लाटायला गेलेल्या. हे ओसरीत बाजेवर पडलेले, डोळे मिटून. चेहरा तेलानं चमकत होता आणि जबडा इतका सैल... माझ्या हातानं कधीच तेवढा झाला नव्हता.

मी गाठोडं घेऊन दारातच उभी.

"थांबली काहून? कानामांगं चोळ ना अजून," हे म्हणाले.

"मी तं आत्ता येऊन राह्यली. कोन चोळत होतं तुमाले?"

त्यांनी डोळे उघडले. दारातल्या माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या उशाशी.

बाजेखाली तेलाची वाटी होती. अजून कोमट, आणि वास ओव्याचा. देव्हाऱ्यात पाहिलं तर टाक तेलकट झालेला. सासूबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "घरात ओवा हाये कुठं? तुनंच तं फेकला."

यांना भास झाला म्हणावं, तर मग ती वाटी? टाक मात्र मी त्याच दुपारी पुन्हा गळ्यात बांधला. हे वारेपर्यंत आंघोळीलाही काढला नाही. भीतीनं नव्हे हो... तिला यांच्याजवळ एकटीला सोडायचं नव्हतं.